रिझर्व्हला लावली की बंद!

तुमच्याही घरी असेल अशी एक गाडी. अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, वर जुनं पोतं टाकलेलं. कधीकाळी तिच्यावर घरातले तिघं-तिघं बसून परळीला जाऊन आलेत, आता सीटवर मांजर झोपतं. मग घरातल्या कुणाला तरी कॉलेजला ॲडमिशन मिळतं, एसटीची वेळ काही केल्या जुळत नाही आणि सगळ्यांची नजर एकदम त्या पोत्याकडे जाते.

आमच्या सोनपेठच्या घरी हेच झालं. पप्पांची स्प्लेंडर 2020च्या लॉकडाऊनमध्ये उभी केली ती केलीच. भाऊ फर्स्ट इयरला गेला तेव्हा त्याने नवी बॅटरी टाकली, प्लग साफ केला, दोनशेचं पेट्रोल ओतलं. दहा-बारा किका मारल्या आणि गाडी चालू! पेढे वाटायचेच काय ते राहिले. पण चार-पाच किलोमीटर गेली की बंद. कार्बोरेटर साफ केला की दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच. आणि रिझर्व्हला लावली की हमखास बंद. एकदा बंद पडली ती नेमकी प्रॅक्टिकलच्या सकाळी. तो पोहोचला तेव्हा त्याची बॅच आटोपली होती.

शेवटी ओळखीच्या मिस्त्री मामांनी टाकीचं झाकण उघडलं, नाक लावलं आणि म्हणाले, "कार्बोरेटर कितीबी धू रे बाळा. घाण वरून यायली ना."

टाकी असते लोखंडी पत्र्याची. अर्धी रिकामी राहिली की वरच्या भागात हवा, हवेत ओल. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर पावसाचं पाणीही आत झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि पत्रा गंजायला लागतो. जुनं पेट्रोल उडून मागे चिकट थर ठेवतं तो वेगळाच. आता रिझर्व्हचं कोडं बघा. कॉकला आत दोन तोंडं असतात, एक जरा उंचावर आणि एक तळाजवळ. रिझर्व्हला लावली की पेट्रोल तळाजवळून ओढलं जातं, म्हणजे गंजाचा सगळा चुरा कार्बोरेटरच्या वाटेला. तिथल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. एक कण पुरतो.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या शिवारातल्या उसाशी नातं सांगणारं हे इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. रोज फिरणाऱ्या गाडीला याचं फारसं काही नाही. सहा-सहा महिने उभ्या गाडीला आहे.

बरं, साफ कशी करायची ते सांगतेच. पण आधी आमच्या अंगणात काय होता होता राहिलं ते ऐका. टाकीत किती गंज आहे ते दिसेना, म्हणून भावाने खिशातून लायटर काढला. मामांनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की लायटर तुळशीपाशी जाऊन पडला. मलाही आधी वाटलं, टाकी तर रिकामी केली, आता कसली भीती? उलट आहे. जळते ती पेट्रोलची वाफ. शून्याखाली 40 अंशांवरही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या मे महिन्याचं काय बोलता! हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी ठिणगी पुरते. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ दोन्ही मिसळून तयार. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, पार चुलीपर्यंत. म्हणून हे काम उघड्यावर करा. आत बघायचं तर टाकी उन्हाकडे तिरपी धरा, आरामात दिसतं. आणि टाकीला भोक सापडलं तर ती उचलून वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. कुणी "दोन मिनिटांत टाका मारतो" म्हणालं तरी नाही. दुसरी टाकी बघा.

जुनं पेट्रोल काढताना जीव तुटतो, कबूल. मनमाडच्या डेपोतून टँकर यायचा म्हणून 2018मध्ये पेट्रोलच्या दरासाठी देशभरच्या बातम्यांत आलेला आपला परभणी जिल्हा! तरी ते नव्यात मिसळू नका, नालीत ओतू नका, पाण्याच्या बाटलीत तर भरूच नका, घरात कुणीतरी तोंडाला लावेल. झाकणाच्या कॅनमधून मिस्त्रीकडे द्या.

मग टाकी उतरवा. कॉक आणि मीटरचा फ्लोट काढा, भोकं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून आवळा. निरम्याच्या पाण्याने पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुवा. लोखंडी काही आत टाकायचं ते यानंतरच. साबणाच्या पाण्यातच मूठभर नट टाकून टाकी खळखळा हलवा, सुटा गंज पडतो. टाकताना नट मोजा! नट काढले की गरम पाण्यात लिंबूसत्व, लिटरमागे साधारण 50 ग्रॅम, टाकी काठोकाठ भरा, कारण गंज वरच्या बाजूलाही असतो. झाकण सैल ठेवून रात्रभर राहू द्या. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको, ते गंजाबरोबर पत्राही खातं. हातमोजे घाला, रंगावर ओघळ आला तर लगेच पुसा.

सकाळी काळपट पाणी ओतून द्या, खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे लगेच. उघडा ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस पडतो. आम्ही पंक्चरच्या दुकानातून हवा मारून आणली, वर दुपारचं ऊन. मग चमचाभर इंजिन ऑइल आत फिरवलं, झाकणाला नवं रबर, पाइपमध्ये छोटा पारदर्शक फिल्टर आणि टाकी फुल्ल.

एक मात्र लक्षात ठेवा, हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाडीसाठी. एप्रिल 2020पासूनच्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आहे, पंप टाकीच्या आत असतो. तिथे आपले हात घालू नका.

आम्ही 20 नट टाकले होते, निघाले 19. विसावा सापडायला पाऊण तास लागला, तोंडाखालच्या पत्र्याच्या घडीत अडकून बसलेला. भाऊ आता रिझर्व्हवरसुद्धा गंगाखेडला जाऊन येतो. पहिल्या आठवड्यात फिल्टरमध्ये थोडी तांबूस पूड दिसली. मामा म्हणाले, राहिलेलं येईलच, फिल्टर बदल. पुढच्या फिल्टरमध्ये अजून तरी काही नाही.