अवजार मनगटावरचं!

वेळ बघायला मोबाइल आहे, पावलं मोजायला स्मार्टवॉच आहे. तरीही जुन्या ‘टूल वॉच’चा नाद लागलाच असेल, तर प्रत्येक घड्याळाला एक प्रश्न विचारा : बाबा रे, तू कोणत्या कामासाठी जन्मलास?

कारण टूल वॉच हा दागिना नाही, अवजार आहे. ब्लाँपाँचं 1953 चं ‘फिफ्टी फॅदम्स’ बनलं डायव्हर्ससाठी. पाण्याखाली जाऊन किती मिनिटं झाली, हे त्याच्या फिरत्या कडेवर कळतं. रोलेक्सचं ‘जीएमटी मास्टर’ पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी होतं. त्यातला जादा काटा दुसऱ्या देशाची वेळ सांगतो. ओमेगाचं ‘स्पीडमास्टर’ 1969 मध्ये चंद्रावर गेलं खरं, पण 1957 मध्ये ते आलं मोटार रेसिंगसाठी. किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी थांबवायचं. 36 सेकंद लागले, तर कडेवर आकडा दिसतो 100. म्हणजे वेग ताशी 100 किलोमीटर. आहे की नाही भारी?

आता ही मंडळी पॉकेटमनीत बसणारी नाहीत. मग सुरुवात घरातल्या कपाटापासून करा. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत एचएमटीची घड्याळं बनू लागली. त्यातलं ‘पायलट’ बघा : काळी तबकडी, ठळक आकडे, रोज हाताने द्यायची चावी. आजोबांचं सापडलं तर उत्तमच.

बाजारात जाताना मात्र डोळे उघडे ठेवा. जगभरच्या कलेक्टर्समध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द चालतो आणि तो कौतुकाचा नाही! तबकडी भडक रंगात नव्याने रंगवलेली, आतले भाग चार घड्याळांतले, असा हा प्रकार. चकाकी बघून भुलू नका. ओरखडे चालतील, फिकटलेला रंगही चालेल. पण तो मूळचा हवा.

एक सोपी परीक्षा सांगते. सत्तरच्या दशकातल्या स्विस घड्याळाच्या तबकडीवर तळाशी ‘टी’ अक्षर असेल, तर आकड्यांवर ट्रिटियम आहे. ते साधारण 12 वर्षांत निम्मं होतं. म्हणजे आज ते अंधारात जेमतेमच दिसायला हवं. रात्रभर लखलखत असेल, तर कुणीतरी नवा रंग लावलाय. आणि डायव्हर वॉच असलं तरी ते घालून पोहायला जाऊ नका. आतलं जुनं रबर कधीच कडक झालेलं असतं.

पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सरळ पुढचं दुकान गाठा.