बैलाचं गाव, पायांचं गाव

डिंकल्सब्यूल! म्हणून बघा एकदा मोठ्यानं. जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचं राज्य आहे, तिथलं हे जेमतेम 12 हजार वस्तीचं गाव. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला डिंकाचे लाडूच आठवले. पण डिंकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'डिंकल' हे गव्हाच्या कुळातलं एक जुनं धान्य आणि 'ब्यूल' म्हणजे टेकडी. आता या गावाचं चिन्ह बघा : लाल ढाल, तळाशी तीन उंचवट्यांची पांढरी टेकडी आणि टेकडीवर उभ्या तीन सोनेरी ओंब्या. म्हणजे गावानं स्वतःचं नाव चक्क चित्रात लिहून टाकलंय!

जर्मनीत लहानमोठी मिळून 10 हजारांहून जास्त गावं-शहरं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांकडे असं ढालीच्या आकाराचं स्वतःचं चिन्ह असतं. त्याला तिकडे 'वापेन' म्हणतात. शस्त्राला त्यांचा शब्द 'वाफे'. दोन्ही शब्द एकाच घरातले, कारण ही सगळी मंडळी मुळात लढाईतून आली. सुमारे 900 वर्षांपूर्वी युरोपातले सरदार डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण घालून लढायचे. तोंड झाकलेलं, मग आपला कोण आणि परका कोण? म्हणून ढालीवर ठळक चित्र काढायची पद्धत पडली. पुढे ती शहरांनी उचलली आणि मग गावांनीही.

नावाचं चित्र काढणाऱ्या चिन्हांना जर्मन लोक 'बोलणारी चिन्हं' म्हणतात. आपल्या वडगावानं वडाचं झाड काढावं, तसं. माइन नदीकाठच्या ऑक्सनफुर्टच्या चिन्हात बैल आहे. 'ऑक्स' म्हणजे बैल आणि 'फुर्ट' म्हणजे नदीतला उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं. (फ्रँकफुर्टमधला 'फुर्ट'ही तोच. आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा अर्थही अगदी हाच! त्याच्याही चिन्हात बैल पाण्यात उभा आहे.)

पण बैलांमध्ये माझा लाडका आहे तो ऑक्सनहाउझनचा. हा पठ्ठ्या घराच्या दारातून बाहेर पडताना दाखवलाय. 'हाउझन' म्हणजे घरं, हे तर झालंच. शिवाय एक दंतकथाही आहे. शत्रू चालून आले म्हणून मठातल्या जोगिणींनी आपला खजिना शेतात पुरला आणि त्या पळून गेल्या. बरीच वर्षं गेली. एक शेतकरी नांगरत होता, तर बैलाचा पाय जमिनीत रुतला. उकरून बघतात तो खाली पेटी! खरं-खोटं कोण जाणे, पण बैल मात्र चिन्हात कायमचा जाऊन बसला.

आणि फ्युसन? आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या या गावाच्या चिन्हात आहेत तीन पाय. नुसते पाय! धड नाही, डोकं नाही. मांडीशी जोडलेले आणि पंख्याच्या पात्यांसारखे गोल पळणारे. कारण जर्मनमध्ये 'फूस' म्हणजे पाऊल. गंमत अशी, की गावाचं नाव रोमन काळातल्या एका जुन्या नावावरून आलंय, पावलाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण कानाला पाय ऐकू आला ना? मग काढा पाय.

आता एक प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूनं बैल काढा आणि कागद भिंतीला लावून लांब जा. दिसतोय? आता पिवळ्या कागदावर काळा बैल काढा. हा कसा दुरूनही उठून दिसतो! ढालींचा मुख्य नियम हाच आहे. पिवळा म्हणजे सोनं आणि पांढरा म्हणजे चांदी, हे दोन 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. श्टुटगार्ट शहराच्या चिन्हात पिवळ्यावर काळा घोडा आहे, कारण 'श्टुटगार्ट' म्हणजे घोड्यांची पैदास करायची जागा. हा घोडा तुम्ही बहुतेक पाहिलाय : पोर्शे गाडीच्या बिल्ल्यावर मधोमध तोच उभा असतो. श्टुटगार्ट हे काही लहान गाव नाही, पण 1968 पासून ते आपल्या मुंबईचं भगिनी-शहर आहे, म्हणून इथे घुसवलं.

दुसरी एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची उजवी नव्हे, ढाल धरणाऱ्याची! दप्तर छातीशी धरून समोर मित्राला उभा करा, म्हणजे भांडण कशावरून होईल ते कळेल.

गावाचा झेंडा बहुतेक वेळा सोपा असतो. चिन्हातलेच दोन रंग घ्यायचे, पट्टे करायचे आणि त्यावर चिन्ह बसवायचं. पण पुष्कळ गावं तो लांबट करून उभा टांगतात, वरच्या बाजूला आडवी काठी घालून. वारा पडला तरी झेंडा लोळत नाही. चिन्ह सरळच्या सरळ दिसत राहतं.

सगळीच चिन्हं जुनी असतात असं मात्र समजू नका. म्यूनिकजवळच्या गार्शिंगमध्ये 1957 साली जर्मनीतली पहिली संशोधन-अणुभट्टी सुरू झाली. तिचा घुमट अंड्यासारखा, म्हणून लोक तिला 'अणू-अंडं' म्हणू लागले. आणि ते अंडं गावाच्या चिन्हात जाऊन बसलं! ढाल-तलवारवाल्या सरदारांनी बघितलं असतं तर डोकं खाजवलं असतं.

शेवटी हामेल्न. हो, तेच ते, बासरीवाल्याचं गाव! गोष्टीत तो 1284 साली येतो आणि गावातले सगळे उंदीर नदीत बुडवतो. मग चिन्हात काय असेल? उंदीर? बासरी? छे! एक चर्च आणि खाली जात्याचा दगड. हे गाव वेझर नदीवरच्या पाणचक्क्यांसाठी प्रसिद्ध होतं. मला आधी जरा हिरमुसायला झालं. मग डोक्यात आलं : जिथे जातं तिथे पीठ आणि जिथे पीठ तिथे... बघा, गावातल्या रस्त्यांवर पर्यटकांना वाट दाखवायला पांढरे उंदीर रंगवलेले आहेतच.