काच तयार आहे, डोंगर नाही

मुंबई सेंट्रलहून सुरत रेल्वेने २६३ किलोमीटर. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तोकाईहून निघणारा न्यूट्रिनो नावाच्या कणांचा झोत याहून थोडाच लांब, २९५ किलोमीटर, जमिनीच्या आतून जातो आणि कामिओकाच्या डोंगराखालच्या पाण्याच्या टाकीत त्यातले मोजके कण सापडतात. वाटेत बोगदा नाही, नळी नाही. खडक त्यांना अडवतच नाही. हा प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो, आणि तेवढ्यात कणाचा प्रकार बदललेला असतो. अमेरिकेत फर्मीलॅबपासून मिनेसोटापर्यंत ८१० किलोमीटरचा असाच प्रयोग आहे, ‘नोव्हा’. त्यात भारतीय विद्यापीठांचे गटही काम करतात.

संपादकांनी विषय दिला तो या लांब पल्ल्याच्या प्रयोगांचा. माग काढत गेलो आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपाशी, म्हणजे टीआयएफआरपाशी, थांबलो. इथल्या गटाच्या पुढाकाराने आखलेल्या यंत्राला झोत लागतच नाही. वैश्विक किरण वातावरणावर आदळून सगळ्या पृथ्वीभर न्यूट्रिनो तयार होत असतात. पायाखालून, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने येणारा न्यूट्रिनो पकडला, तर पल्ला होतो सुमारे १२,७०० किलोमीटर. एवढा लांब पल्ला कुठल्याच प्रयोगशाळेला स्वतः आखता येणार नाही.

या कामाला जुना वारसा आहे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टीआयएफआर, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहम विद्यापीठ यांच्या गटाने वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. मेनन आणि श्रीकांतन ही त्यातली मोठी नावे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही असे यश मिळाले. जगात त्याआधी कोणी हे केले नव्हते. पुढे कोलारची खाण आवरत गेली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले प्रयोग थांबले. १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडेने न्यूट्रिनोंचे दोलन, म्हणजे प्रकार बदलत राहणे, वातावरणातल्याच न्यूट्रिनोंवरून दाखवले. दोलनाच्या शोधासाठी २०१५चे नोबेल कजिता आणि मॅकडॉनल्ड यांना मिळाले.

दोलन होते याचा अर्थ न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे. तीन वस्तुमानांपैकी सर्वांत जड कोणते, हा क्रम मात्र अजून ठरलेला नाही. जपानचा झोताचा प्रयोग आणि नोव्हा यांची मापने एकत्र करूनही निकाल लागलेला नाही. पवईला आयआयटीत एस. उमा शंकर यांच्या गटाने या दोन प्रयोगांची आकडेमोड कुठे जुळते आणि कुठे ताणली जाते, यावर बरेच काम केले आहे.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते कुलाब्याच्या यंत्राच्या घटकाने, रेझिस्टिव्ह प्लेट चेंबरने. तिथे त्याला सगळे आरपीसी म्हणतात. खिडक्यांना लागते तसल्या काचेचे दोन तक्ते, तीन मिलिमीटर जाड, दोन-दोन मीटर लांबरुंद. मध्ये दोन मिलिमीटरची फट. ती सगळीकडे सारखी राहावी म्हणून प्लॅस्टिकच्या छोट्या गुंड्या चिकटवलेल्या, कडा सीलबंद. बाहेरून ग्रॅफाइटचा लेप, त्यावर सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब. आत मुख्यतः मोटारीच्या एसीत असतो तो आर-१३४ए वायू, थोडा आयसोब्युटेन, किंचित सल्फर हेक्झाफ्लोराइड.

विद्युतभारित कण फटीतून गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या दाबाने धावतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. लोंढा वाढतो, आणि तेवढ्यात काच आपले काम करते. ती विजेला सहज वाहू देत नसल्याने त्या ठिकाणचा दाब पडतो आणि लोंढा आपोआप विझतो. बाकीचा तक्ता पुढच्या कणासाठी जागाच असतो. काचेचा अडथळा हाच तिचा गुण. बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्या कण कुठे आणि केव्हा गेला ते सांगतात, वेळ तर सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत. पण एक गुंडी सुटली तरी फट असमान होते आणि चेंबर बिघडतो. हे चिकटवणे, गळती तपासणे, महिनोन्महिने चालवून पाहणे हातांनीच शिकावे लागते.

असे सुमारे तीस हजार चेंबर ५० हजार टन लोखंडाच्या थरांत बसवायचे आणि लोखंडाचे चुंबक करायचे, हा ‘आयकॅल’चा आराखडा. न्यूट्रिनो लोखंडात म्युऑन नावाचा विद्युतभारित कण सोडतो. चुंबकीय क्षेत्रात ऋण म्युऑन एका बाजूला वळतो, धन दुसऱ्या. त्यावरून आलेला न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो, हे कळते. पृथ्वीच्या पोटातून येताना वस्तुमानाचा क्रम एका तऱ्हेचा असेल तर न्यूट्रिनोंच्या दोलनावर जास्त परिणाम होतो, उलटा असेल तर प्रतिन्यूट्रिनोंच्या. चुंबक नसलेल्या पाण्याच्या टाकीला एकेक कण असा थेट वेगळा काढता येत नाही. मदुराईत ८५ टनांचे छोटे आयकॅल उभे राहिले. त्याचा चुंबक चालला, चेंबर चालले.

मोठ्याला मात्र वर किमान एक किलोमीटर खडक हवा, नाहीतर वैश्विक किरणांच्या गर्दीत न्यूट्रिनो हरवतात. इथून अडचणी सुरू होतात. निलगिरीतल्या सिंगाराला २००९ साली पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला. शेजारी मुदुमलाईचे वाघांचे जंगल होते. मग तेनी जिल्ह्यातले पोट्टिपुरम निवडले. जानेवारी २०१५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५०० कोटी मंजूर केले. प्रकल्पाची धुरा आधी नबा मंडल आणि नंतर विवेक दातार यांनी वाहिली. पण त्याच वर्षी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात अडकले. २०१७ साली हरित लवादाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, २०१८ साली मंत्रालयाने नवी दिली, पण वन्यजीव मंडळाची परवानगी बाकीच राहिली. २०२२ साली तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट सांगितले, की हा प्रकल्प इथे नको.

न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग पसरेल ही विरोधामागची भीती निराधार होती. सूर्याचे न्यूट्रिनो नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी जातात आणि कोणाला काही होत नाही. पण सुरुंग, पाणी, जंगल आणि वाघांची वाट हे प्रश्न खरे होते. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाने ते विचारणे रास्तच होते, आणि आराखडा ठरून गेल्यावर दिलेली उत्तरे उशिराची ठरली.

वेळही थांबलेली नाही. चीनच्या जुनो प्रयोगाने २०२५मध्ये मापन सुरू केले. अणुभट्ट्यांच्या न्यूट्रिनोंवरून वस्तुमानाचा क्रम शोधणे हे त्याचे मुख्य काम. अमेरिकेत १३०० किलोमीटरचा ड्यून प्रयोग उभा राहतो आहे. शिवाय आर-१३४ए हा वायू हवामान तापवणाऱ्यांपैकी असल्याने त्याला पर्याय शोधणेही आले.

तरी आयकॅलची गरज संपत नाही. अणुभट्टीच्या न्यूट्रिनोंवरून लागलेला निकाल पृथ्वीच्या पोटातून आलेल्या कणांवर, चुंबकाच्या साक्षीने, स्वतंत्रपणे तपासावा लागेलच. मला धास्ती वाटते ती शिकलेल्या हातांची. काच चिकटवायला शिकलेले विद्यार्थी पीएचडी करून परदेशी प्रयोगांकडे जातात, आणि कोलारनंतर पडला तसा खंड पुन्हा पडला तर सगळे पहिल्यापासून शिकावे लागेल. म्हणून छोटे आयकॅल आणि कुलाब्याची प्रयोगशाळा निधीविना राहता कामा नये. आणि पुढचा डोंगर शोधायचा असेल, तर खडकाची खोली मोजण्याआधी तिथल्या ग्रामसभेत जाऊन बसावे, तिने नाही म्हटले तर दुसरा शोधावा. त्याने काही वर्षे जातील, पण पोट्टिपुरममध्ये गेली तशी वाया जाणार नाहीत.