वाघ दिसला, तर सांगायचं कुणाला?

२०१८ सालचा ऑक्टोबर महिना होता. राळेगावला एक छोटंसं कविसंमेलन आटोपून मी बहिणीकडे पांढरकवड्याला निघालो होतो. वाटेत वडकीला चहासाठी थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटून झाडावर लोंबत होता. एरवी या दिवसांत शेतात वेचणाऱ्या बायांच्या गप्पांचा आवाज येतो. त्या दिवशी शेतं मुकी होती. एखाद्या धुऱ्यावर चार-पाच बाया एकत्र आणि त्यांच्या मागे काठी घेतलेला एखादा माणूस, एवढंच दिसत होतं.

हॉटेलच्या बाकावर एक म्हातारा गायकी बसला होता. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. मी पेपरात लिहितो असं हॉटेलवाल्यानं सांगितल्यावर तो जवळ सरकला आणि म्हणाला, "मास्तर, एक सांगा मले. वाघ दिसला तं सांगाचं कोनाले?" मग त्यानं आपला अनुभव सांगितला. नाल्यात पंजे दिसले म्हणून तो गावात सांगायला गेला. एक जण म्हणाला, ही हद्द माझी नाही. दुसऱ्यानं विचारलं, फोटो आहे का? तिसरा नुसता हसला. "म्या दोनदा सांगतलं. तिसऱ्यानं कायले सांगू?"

मी आयुष्यभर शब्दांचा धंदा केला. पण खरा शब्द ऐकणारा कोणी नसेल तर काय होतं, ते मला त्या बाकावर समजलं.

तुम्हाला आठवत असेल, त्या काळात टी-१ वाघीण देशभर गाजत होती. वनखात्याच्या कागदावर टी-१ आणि प्राणिप्रेमींच्या तोंडी अवनी. जून २०१६ पासून राळेगाव आणि पांढरकवडा भागात एकामागून एक माणसं मेली. तेरा जणांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं. मेलेले सगळे शेतावर जाणारे, गुरं चारणारे, सरपण आणणारे. तिच्यासोबत दोन बछडे होते. जिवंत पकडता आली नाही तर ठार करावं, या आदेशाविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयानं हस्तक्षेप करायला नकार दिला.

मग जे सुरू झालं ते आमच्या गावांनी कधी पाहिलं नव्हतं. शंभराच्या आसपास कॅमेरे लागले, दोनशेच्या घरात माणसं जंगलात उतरली. हत्ती आले, शिकारी कुत्रे आले, आकाशात पॅराग्लायडर फिरला. वाघिणीला ओढून आणण्यासाठी विलायती अत्तर शिंपडलं गेलं. मोहिमेतला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. वाघिणीला पकडायला निघालेल्या फौजेनंच गावात आणखी एक मयत घडवली. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीनं मेली. सोबत पशुवैद्य का नव्हता, नियम पाळले गेले का, यावर नंतर चौकश्या झाल्या आणि केंद्राच्या व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीनं गंभीर आक्षेप नोंदवले. तिचा मादी बछडा डिसेंबरात पकडून पेंचला नेला गेला. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं, पण थोड्याच दिवसांत ती मेली.

मला इथे कोणाला दोषी ठरवायचं नाही. माझा मुद्दा साधा आहे. शेवटच्या दोन महिन्यांत तिथे सगळं होतं. पैसा होता, यंत्रं होती, माणसं होती. नव्हतं ते पहिल्या दोन वर्षांत. त्या काळात ज्याला पंजे दिसले, त्याचा शब्द घटकाभरात योग्य माणसापर्यंत पोचेल अशी वाट बांधलेली नव्हती. समन्वय हा शब्द आपण बैठकांच्या बातम्यांत वाचतो. माझ्या लेखी समन्वय म्हणजे ही वाट.

आता हे समजून घेऊ, की वाघ शेतात येतोच का? आपल्या जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघ वाढले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वयात आलेल्या वाघाला स्वतःचं राज्य लागतं. बापाच्या राज्यात त्याला जागा नसते. तो बाहेर निघतो. टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये असाच निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीतून तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी पायपीट तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली. ओढे, झुडपं, कापसाची आणि तुरीची उभी शेतं यांतून तो चालला. आपण ज्याला शेत म्हणतो, त्याला वाघ आडोसा म्हणतो. त्यात रानडुक्कर आहे, रोही आहे, चरायला सोडलेली जनावरं आहेत. म्हणजे त्याचं जेवणही तिथेच आहे.

या वाटेवर त्याची गाठ सगळ्यात आधी शेतातल्या तारेशी पडते. या तारेबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी सतरा-अठरा वर्षांचा असेन. बाभुळगाव तालुक्यात माझ्या मामूचं शेत होतं. रानडुकरांनी ज्वारी आणि भुईमूग उलथापालथा करून टाकला होता. मामू महिनाभर जागलीला जात होता. रात्रभर डबा वाजवायचा आणि दिवसा झोपेनं झोकांड्या खायचा. एका रात्री त्यानं मोटरच्या लाइनीवरून तार काढली आणि खुंट्यांवर वीतभर उंचीनं धुऱ्याभोवती फिरवली. बॅटरी मी धरली होती. पहाटे पाहिलं तर डुक्कर नव्हतं. शेजाऱ्याचा गोऱ्हा पडला होता. पोळ्याला पहिल्यांदा सजवलेला. शिंगांचा रंगही गेला नव्हता. आम्ही दोघांनी तो नाल्याच्या घळीत ढकलला आणि वर माती लोटली. शेजारी तीन दिवस गोऱ्हा शोधत फिरला. मी त्याच्याबरोबर फिरलो.

मामू गेला, तो शेजारीही गेला. मामू काही वाईट माणूस नव्हता. पाच वेळच्या नमाजाचा माणूस, कोणाच्या दाण्याला हात लावणारा नव्हे. पण सांगितलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती आणि गावात तोंड गेलं असतं. म्हणून तो गप्प राहिला आणि मीही गप्प राहिलो.

म्हणून एप्रिल २०१७ मधली नागभीडकडची बातमी वाचली तेव्हा मी पेपर खाली ठेवला. उमरेड-कऱ्हांडल्याचा श्रीनिवास नावाचा वाघ बेपत्ता होता. आधी त्याचा कॉलर सापडला, मग पुरलेला देह. डुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेला तो लागला होता आणि शेतकऱ्यानं घाबरून त्याला पुरलं होतं. त्याच वर्षी ब्रह्मपुरी भागातून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण माणसं मारू लागली. तिला ठार करण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पथकं मागावर होती. ऑक्टोबरात ती मेली, पण बंदुकीच्या गोळीनं नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या तारेनं मेली.

तारेतला फरक नीट ध्यानात घ्या. घरच्या किंवा मोटरच्या लाइनीचा करंट सलग वाहतो. अंग लागलं की स्नायू आखडतात आणि सुटका होत नाही. वाघ असो, बैल असो की रात्री पाणी द्यायला गेलेला आपला माणूस असो. सौरऊर्जेवर चालणाऱ्या झटका मशीनचा दाब जास्त असतो, पण तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता येतो आणि मग थांबतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना यासाठी सरकारी योजनेतून मोठं अनुदानही मिळतं. मात्र त्याच तारेला कोणी थेट आकडा जोडला तर ती पुन्हा फाशीच झाली.

आणि दुसरी गाठ शिकाऱ्याशी. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुकुटबनच्या जंगलात एका गुहेत गाभण वाघीण मेलेली सापडली. गुहेचं तोंड अडवून, आग लावून तिला मारलं होतं. नखांसाठी पुढचे पंजे तोडून नेले होते. जानेवारी २०२५ मध्ये टिपेश्वरात एका वाघिणीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात रुतलेला तारेचा फास काढावा लागला. फास बहुतेक वेळा डुकरासाठी, सशासाठी लावलेला असतो. पण एकदा वाघ अडकला की नखं आणि दात यांचा मोह सुटतो, आणि गावाबाहेरचे दलाल वास काढत येतात. घाबरलेला शेतकरी आणि पैशासाठी मारणारा शिकारी हे एक नव्हेत. कायद्यानं दोघेही गुन्हेगार, पण पहिल्याला विश्वासात घेतलं तर दुसरा सापडतो. दोघांना एकाच काठीनं हाकललं तर गाव तोंड मिटून घेतं.

म्हणून हे काम एका खात्याचं नाही. कोणाकडे काय आहे ते पाहा. गायक्याकडे आणि कोलाम पोडावरच्या माणसाकडे पहिली खूण असते. वनरक्षकाकडे ती खूण वाचायची नजर आणि कॅमेरे असतात. अंगावरच्या पट्ट्यांवरून नेमका वाघ कोणता हे ओळखावं लागतं, नाहीतर एकाची शिक्षा दुसऱ्याला होते. तारेवर आकडा कुठे पडला ते लाइनमनला दिसतं. दलालाच्या फोनचा माग पोलिसांना काढता येतो. राज्याराज्यांत पसरलेल्या टोळ्यांसाठी २००७ पासून केंद्राचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग आहे. शवविच्छेदन पशुवैद्य करतो. दवंडी ग्रामपंचायत देते. व्याघ्र प्राधिकरणाच्या नियमांत तर स्पष्ट आहे, की वाघ वस्तीजवळ आला तर जी समिती बसते, तिच्यात वनाधिकाऱ्यांबरोबर पशुवैद्य, स्वयंसेवी संस्थेचा माणूस आणि पंचायतीचा प्रतिनिधीही हवा. कागद उत्तम आहे. तो माणसं मेल्यावर उघडायचा की पहिला पंजा दिसल्यावर, एवढाच प्रश्न आहे.

भरपाईचंही तसंच. माणूस गेला तर राज्य सरकार आता २५ लाख रुपये देतं. पण गाय मेली तर पंचनामा वेळेत झाला का, पैसे हातात कधी आले, यावर वाघाचं आयुष्य ठरतं. वाघ आपल्या शिकारीवर पुन्हा येतो. गाईचे पैसे मिळणार नाहीत असं ज्याला वाटतं, त्याच्या हाताशी फवारणीचं औषध असतंच. पंचनामा करणारा माणूस संध्याकाळपर्यंत पोचला, तर पुष्कळदा गाईच्या मालकाचा राग निवतो आणि वाघही वाचतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मामेभावाचा रात्री फोन आला. तेच शेत आता तो करतो. त्याच्याकडे झटका मशीन आहे. म्हणाला, "भाईजान, शेजाऱ्यानं खांबावरून तार ओढली आहे. सांगितलं तर तो आयुष्यभर बोलणार नाही. नाही सांगितलं तर झोप येणार नाही." शेजारी म्हणजे त्याच म्हाताऱ्याचा नातू. मी काही वेळ बोललोच नाही. मग त्याला गोऱ्ह्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "अब्बांनी कधी सांगितलं नाही."

वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्याला माहीत होता. वनरक्षकाचा नंबरही घरात भिंतीवर लिहिलेला होता. पण तो आधी शेजाऱ्याकडे गेला. केस होईल हे सांगितलं, आपली मशीन कशी चालते ते दाखवलं आणि अनुदानाचा अर्ज सकाळी दोघं मिळून वनरक्षकाकडे नेऊ असं ठरवलं. तार रात्रीच उतरली. उतरली नसती तर फोन करायचा, हेही त्यानं शेजाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं.

मी नंतर शेतावर गेलो तेव्हा ती तार वेटोळं करून निंबाच्या फांदीला टांगलेली होती. वडकीच्या त्या गायक्याची पुन्हा भेट झाली नाही. झाली तर त्याला सांगेन, की बाबा, आधी शेजाऱ्याला सांगा, मग वनरक्षकाला, आणि दोघांनीही ऐकलं नाही तर तिसऱ्यांदाही सांगा. आणि ज्यांच्या कानावर ते पडेल, त्या आपण सगळ्यांनी फोटो मागण्याआधी एकदा नाल्यापर्यंत जाऊन यावं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)