बोरीच्या पाण्याखालची खोली

संपादकांनी विषय दिला होता पाण्यावरच्या निवांत दिवसाचा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझ सुरू झाली तेव्हापासून डेकवरच्या सूर्यास्तावर पुष्कळ लिहून झालं आहे. माझ्या मनात मात्र नळदुर्गचा किल्ला होता. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, जिथे उन्हाळा टँकरच्या खेपांवर निघतो, तिथे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी निव्वळ पाणी पाहत बसण्यासाठी एक जागा बांधली. ती आजही शाबूत आहे.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या या किल्ल्याने बहमनी, आदिलशाही, मुघल, निजाम असे सगळे धनी पाहिले. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथे राहून कारभार पाहत असे. आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गविषयी आवर्जून लिहिलं आहे. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, उपळ्या बुरुजावरच्या लांबलचक तोफा, सगळंच बघण्यासारखं आहे. पण पाय थबकतात ते पाणीमहालाशी.

महाल म्हणजे मुळात एक बंधारा. बोरी नदीवर काळ्या दगडात घातलेली सुमारे १७४ मीटर लांबीची भिंत, एका टोकाला मुख्य किल्ला आणि दुसऱ्या टोकाला त्याचा जोडकिल्ला रणमंडळ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने तो बांधला. अडवलेल्या पाण्याने किल्ल्याची तहान भागली, खंदकाचंही काम झालं. एवढ्यावर थांबता आलं असतं. मीर इमादीन थांबला नाही. भिंतीच्या पोटात त्याने खोल्या काढल्या.

माथ्यावरून जिना खाली उतरतो. पायऱ्या अरुंद आणि ओलसर. उन्हातून आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, हात भिंतीला लावूनच उतरावं लागतं. मग एकदम उजेड येतो, कमानी दिसतात, आणि खोलीच्या टोकाला नदीच्या खालच्या अंगाला उघडणारा सज्जा. मागे सगळा साठा भिंतीला रेटा देत असतो, समोर मोकळं पात्र. मे महिन्यातही इथला गारवा अंगावर येतो. मी त्या सज्जात बराच वेळ बसून राहिले.

खरी करामत सांडव्यांची. बंधारा भरल्यावर पाणी वाट्टेल तिथून ओसंडू नये म्हणून माथ्यावर दोन ठरावीक वाटा ठेवल्या आहेत. त्यांतून पडणारे धबधबे म्हणजे नर आणि मादी. एवढा लोंढा वरून जात असताना आतली खोली कोरडी राहते. पूर सर्वांत जोरात असतो नेमक्या त्याच जागी माणसाला निर्धास्त बसता यावं, हा विचारच मला विलक्षण वाटतो. जहाजावर आपण पाण्यावरून जातो. इथे माणूस बसून असतो आणि नदी त्याच्या डोक्यावरून जाते.

२०१४ मध्ये सरकारच्या संगोपन योजनेखाली किल्ल्याची देखभाल सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स कंपनीकडे गेली. झाडंझुडपं निघाली, बागा झाल्या, अडवलेल्या पाण्यात बोटिंग सुरू झालं. दुष्काळी गावातल्या पोराला बोटीत बसून पाण्यात हात घालता यावा, यात मला चैन दिसत नाही. ते त्याच्याही वाट्याला यायलाच हवं.

पण हे सारं बोरीच्या भरवशावर आहे. वरचं बोरी धरण भरून सांडल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत. पाऊस रुसला की धबधबे कोरडेच राहतात, आणि अशा वर्षी धरणातल्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. तो तसाच असला पाहिजे.

चांगल्या पावसाचं वर्ष वेगळी काळजी आणतं. ‘नर-मादी सुरू झाले’ एवढं कानावर आलं की सोलापूर, लातूरकडून गाड्या सुटतात. फोटोसाठी माणसं ओल्या, कठडा नसलेल्या दगडांवर जातात. अरुंद जिन्यात वर येणारे आणि खाली जाणारे समोरासमोर अडकतात. त्या दिवसांत एका वेळी मोजकीच माणसं आत सोडायला हवीत. बाकीच्यांनी धबधबा समोरच्या अंगाने बघावा. तिथूनच तो पुरता दिसतो.

गर्दीइतकीच काळजी भिंतीचीही आहे. दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजतो, मूळ जाडजूड झालं की दगड सरकतो, पाणी त्या फटीत शिरतं. नुसतं वरून छाटून भागत नाही, मूळ मारावं लागतं. सांधे सिमेंटने बुजवणं सोपं, पण चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुनाच लागतो, आणि तो मळून, मुरवून वापरणारे गवंडी आता शोधावे लागतात. भरल्या पाण्यात यातलं काही करता येत नाही. पाणी उतरतं तेव्हा, फेब्रुवारी ते मे, किल्ल्यात फारसं कुणी फिरकत नाही त्या महिन्यांत, तिथे चुन्याची घाणी फिरायला हवी.