आधी ऐकावे, मग शिकवावे



तामसीच्या परिसरात भाषांचा तुटवडा नाही. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी गोंडी, तर कोणाच्या घरी कोलामी. बाजाराच्या दिवशी या साऱ्या बोली एकाच रस्त्यावर कानी पडतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्याची सीमा बदलली म्हणून घरातील बोली बदलत नाही. तिचा भार मात्र सर्वांत लहान खांद्यांवर, म्हणजे शाळेत जाणाऱ्या लेकरांवर पडतो.

सहा वर्षांचे लेकरू घरच्या भाषेची शिदोरी घेऊन शाळेची पायरी चढते. गुरुजी दुसऱ्याच भाषेत प्रश्न विचारतात. लेकराला उत्तर ठाऊक असते, शब्द ठाऊक नसतो. म्हणून ते गप्प बसते. एकदा वर्गात हशा पिकतो, एकदा खडसावणी होते आणि पुढे ते हात वर करण्याचेच सोडून देते. गुरुजी म्हणतात, ‘याचे अभ्यासात लक्ष नाही.’ बाप म्हणतो, ‘याला शाळेची गोडीच नाही.’ मग कापूस वेचणीच्या दिवसांत ते जे शेतात जाते, ते मनाने पुन्हा वर्गात परत येत नाही. वस्तुतः गोडी त्याच्या ठायी होती. कोणी ऐकून न घेतल्यामुळे ती आटून गेली.

याच भूमीत या दुखण्यावर एक उपाय पूर्वी करून पाहिला गेला आहे. निजामाच्या राजवटीत सरकारी कामकाज उर्दूत चाले आणि डोंगरातील गोंड मुलांना ती भाषा परकी होती. १९४० साली कुमराम भीम यांचा बंड करताना अंत झाला. त्यानंतर सरकारला या लोकांच्या गाऱ्हाण्यांकडे लक्ष द्यावे लागले. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ गोंडांमध्ये राहून त्यांचे जीवन अभ्यासत होते. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाचे पहिले अक्षर त्याच्या स्वतःच्या बोलीतून यावे आणि त्याचा गुरू त्याचे बोलणे समजणारा असावा, हा त्यामागील साधा विचार होता. मारलवाई आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी याच गावात आहे. ज्यांनी आपले ऐकले, त्यांना लोक विसरत नाहीत.

महाराष्ट्रातही अशीच एक थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात. शाळेत येणार कशी? ‘मुले आळशी आहेत’ असा शिक्का त्या बाईंनी मारला नाही. मुलांची अडचण ऐकून घेऊन त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तीच ती प्रसिद्ध ‘कुरणशाळा’.

आपण ख्रिस्ती जनांनी यात काही नवे शिकायचे आहे काय? संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा बाळ येशू मंदिरात शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला आढळतो. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, उत्तरे देतो. त्याच्या बुद्धीचे आपण कौतुक करतो. पण त्या वृद्ध पंडितांनी एका खेडवळ मुलाला आपल्यामध्ये बसू दिले व बोलू दिले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पुढे पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने त्या दोघा खिन्न शिष्यांना आधी त्यांचे दुःख बोलावयास लावले आणि मगच शास्त्र उलगडून सांगितले. संत जॉन बॉस्को यांनी १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात हीच कळकळ व्यक्त केली आहे. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम त्यांना जाणवले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

कोणी म्हणेल, वर्गात मुले पुष्कळ, धडे पुष्कळ. गुरुजींनी प्रत्येकाचे ऐकावे तरी कसे? ही अडचण खोटी नाही. तथापि काही गोष्टींना पैसा लागत नाही व फारसा वेळही लागत नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आपले निरीक्षण १९७४ साली प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक बहुधा एखादा क्षणच थांबतात. तेच ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे अधिक सविस्तर होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद म्हणजे किती? ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ इतके शब्द सावकाश म्हणावेत, एवढाच अवधी. जे लेकरू आपल्या बोलीतून शाळेच्या भाषेत शब्द शोधत असते, त्याला तर हा अवधी फारच मोलाचा. आधी ते घरच्या भाषेत बोलले तरी चालेल. गुरुजींनी तोच आशय शाळेच्या भाषेत घालून द्यावा.

ऐकणे म्हणजे लाड करणे नव्हे. शिस्त हवीच, गृहपाठ हवाच. तेलुगूही मन लावून शिकलीच पाहिजे. २०१८ च्या कायद्याने ती तेलंगणातील शाळांत अनिवार्य केली आहे आणि येथे राहणाऱ्याला ती पोटापाण्यासाठीही लागते. पण आपले ऐकले जाते, असा विश्वास ज्या मुलाला वाटतो, ते कठीण विषयालाही पाठ दाखवीत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदादेखील सांगतो की, मूल भयमुक्त असावे व त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. त्याच कायद्याने मारहाण व मानसिक छळ यांना मनाई केली आहे.

मायबापहो, याची सुरुवात मात्र तुमच्या ओसरीवरून होते. संध्याकाळी ‘किती मार्क मिळाले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘आज काय कळले नाही? गुरुजींना काय विचारावेसे वाटले?’ असे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. तेव्हा आयांनीही सभेस जावे. तक्रारीचा सूर न लावता गुरुजींना नम्रपणे सांगावे, ‘आमचे लेकरू घरी ही भाषा बोलते, त्याला थोडा वेळ द्यावा.’ पुष्कळ गुरुजींना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आपण रात्री कुटुंबप्रार्थनेला बसतो तेव्हा आपले तोडकेमोडके शब्दही देव ऐकतो, अशी आपली श्रद्धा असते. तो आपली भाषा तपासत नाही की आपल्याला घाई करीत नाही. प्रार्थना संपल्यावर शेजारी बसलेल्या लेकराकडे वळावे आणि आपल्याला मिळालेला तोच अवसर त्यालाही द्यावा.