एक संहिता, दोन पोशाख

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोणारचे सरोवर आठवते, सिंदखेडराजा आठवते, शेगाव आठवते. या मातीतले एक पुस्तक मात्र चटकन कुणाला आठवत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. पुढे ते विस्मरणात गेले, आणि डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मधे ९३ वर्षे लोटली होती. थोड्या प्रतींवर विसंबलेले पुस्तक कसे दिसेनासे होते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

आज असे जुने पुस्तक नव्याने सिद्ध करायचे तर ते हातात धरता आले पाहिजे, आणि मुंबई-पुण्याच्या, नव्हे, लंडन-न्यूयॉर्कच्याही मराठी घरात संगणकाच्या पडद्यावर वाचता आले पाहिजे. मग दोनदा जुळणी करायची काय? तसे केले की एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे ती राहून जाते. पाठभेदांची वाण आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना मुळीच नाही. त्यात आपल्या हाताने नव्यांची भर कशाला?

यावरचा उपाय एका गणिती डोक्यातून निघाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडेनात. गृहस्थांनी छापखान्याशी भांडत बसण्याऐवजी अक्षरजुळणीची एक नवी प्रणालीच रचली. तिचे नाव ‘टेक्’. या प्रणालीचा प्राण म्हणजे ‘मॅक्रो’.

मॅक्रो म्हणजे काय? संस्कृत व्याकरण शिकलेल्याला ते सांगायलाच नको. पाणिनीने आ, ऐ, औ या स्वरांना एकदा ‘वृद्धि’ ही संज्ञा दिली. पुढे सर्वत्र नुसते ‘वृद्धि’ म्हटले की काम भागले. मॅक्रो ही तशीच एक संज्ञा. जुन्या शब्दाचा अर्थ द्यायचा असेल तिथे मी फक्त ‘टीप’ अशी खूण करतो. ती बारीक टायपात, पानाच्या तळाशी, आडव्या रेघेखाली यावी, हे सारे एकदाच, वेगळ्या जागी लिहून ठेवतो.

आता गंमत पाहा. वेबपानाला तळ असा नसतोच. ते गुंडाळीसारखे खाली उलगडत जाते. तेव्हा त्याच ‘टीप’ या संज्ञेची दुसरी व्याख्या करायची : शब्दापाशी एक आकडा ठेव, आणि त्यावर बोट टेकताच वाचकाला टिपेपाशी ने. मूळ आवृत्तीतले पान कुठे पालटले याची खूण छापील पुस्तकात समासात येईल. वेबपानात ती थेट जाऊन पोचता येईल असा मुक्काम होईल. संहिता तीच. बदलते ती फक्त व्याख्या.

कुणी म्हणेल, तयार पुस्तकाचे रूपांतर करणारे एखादे यंत्र आणा की! पण परक्या यंत्राला आपण घातलेली घरगुती नावे कशी कळावीत? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे ईतान गुरारी यांनी ही अडचण नेमकी ओळखली. त्यांच्या ‘टेक्‌फोरएचटी’ या प्रणालीत जुळणी ‘टेक्’च करते, फक्त मॅक्रो जाता जाता वेबपानाच्या खुणा मजकुरात पेरीत जातात, आणि दुसरा कार्यक्रम त्या वेचून पान तयार करतो. घरची भाषा घरच्यालाच समजते, हे तत्त्व इथेही खरे ठरले.

मराठीपुरती एक अट मात्र आधी पाळावी लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसविलेल्या असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडावी, तर ‘स्त्री’च्या जागी रोमन चिन्हांचा कडबोळा! पानावर अक्षर दिसले, म्हणजे संगणकाला ते कळले असे नव्हे. म्हणून मजकूर आधी युनिकोडात आणावा, मग मॅक्रोंच्या नादी लागावे.

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : ‘हे ठळक कर’ असे लिहू नका, ‘हा मथळा आहे’ असे लिहा. ठळकपणा हा पोशाख आहे, मथळा ही जात आहे. पोशाख काळाप्रमाणे पालटतात; उद्या कागद आणि पडदा यांखेरीज तिसरेच काही येईल. ज्या संहितेत प्रत्येक गोष्ट ती काय आहे हे नोंदवलेले असेल, तिला त्या वेळी एक नवी व्याख्या पुरेल. आणि बुलढाण्यात राहणाऱ्या एका बाईचे धारदार शब्द पुन्हा ९३ वर्षे कोपऱ्यात पडून राहणार नाहीत.